स्पितीच्या वरच्या गावात हिवाळा काढायचा आहे: पाणी, सरपण आणि गाडी यांची तजवीज कशी करावी?

सागरतीर

नमस्कार. मी आणि माझे पती येत्या डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात, काझाच्या वर सुमारे ४,३०० मीटर उंचीवरच्या एका गावात राहणार आहोत. तेथील लोकरीच्या विणकामाची नोंद करण्याचे काम आहे आणि विणायला लोकांना सवड हिवाळ्यातच मिळते, त्यामुळे दुसरा मोसम निवडता येत नाही. ज्या कुटुंबाकडे आम्ही राहणार आहोत त्यांनी कळवले आहे की गावात वीज आहे, परंतु मोठ्या हिमवर्षावात तारा तुटल्या की ती कधी परतेल याचा नेम नसतो, तेव्हा ती नाहीच असे धरून या. आम्ही दोघेही कोकणात वाढल्यामुळे आगोटीच्या खरेदीची, चार महिन्यांची बेगमी करण्याची सवय अंगात आहे. उणे २० अंशांची मात्र काहीच कल्पना नाही. पाणी कसे मिळवावे, खोली कशी उबदार ठेवावी आणि पुण्याहून आमची डिझेलची गाडी न्यावी की नाही, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

लोकरधागा

मी त्याच भागात दोन हिवाळे काढले आहेत. दिवसाचा सर्वांत मोठा वाटा पाण्यात जातो, म्हणून आधी पाण्याविषयी लिहिते. नळ थंडीच्या सुरुवातीलाच गोठतात. त्यानंतर झऱ्यावर किंवा नाल्यावर जाऊन पहारीने बर्फ फोडायचा, तांब्याने पाणी कॅनमध्ये भरायचे आणि तो कॅन दोरीने पाठीला बांधून चढ चढून घरी आणायचा. जपून वापरल्यास दोघांना रोज २० लिटर पुरतात, पण त्या उंचीवर २० किलो पाठीवर घेऊन चढताना पहिले काही दिवस दर दहा पावलांवर थांबावे लागते, याची लाज बाळगू नये. कॅन गळ्यापर्यंत भरू नका. सांडलेल्या पाण्याचा त्याच पायवाटेवर काचेसारखा थर जमतो आणि दुसऱ्या दिवशी आपणच त्यावरून घसरतो. म्हणून सकाळी चुलीतली राख वाटेवर टाकत जाण्याची तिथे पद्धत आहे. रात्री उशाशी ठेवायची बाटली बूच घट्ट लावून उलटी ठेवा. पाणी वरच्या बाजूने गोठू लागते, त्यामुळे सकाळी बाटली सरळ केल्यावर तोंड मोकळे मिळते.

बर्फ वितळवून पाणी करू, असे पहिल्या वर्षी मलाही वाटले होते. ताज्या, भुसभुशीत बर्फाने हंडा शिगोशीग भरला तरी तळाशी जेमतेम दोन तांबे पाणी उरते आणि तेवढ्यासाठी जळण मात्र बरेच जाते. वाट बंद झाल्यास तो उपाय आहेच, पण तेव्हा हंड्यात आधी थोडे पाणी घालून मगच बर्फ टाका, नाहीतर भांडे करपते आणि पाण्याला जळका वास येतो.

सरपणाबद्दल एक कळकळीची विनंती आहे. स्पितीत झाडे जवळजवळ नाहीत. लाकूड खालून ट्रकने येते, वनखाते ते स्थानिकांना सवलतीच्या दरात देते, आणि उरलेली गरज उन्हाळाभर वेचून वाळवलेल्या शेणावर भागते. हिवाळ्यात सारे कुटुंब एकाच खोलीत, पत्र्याच्या चुलीभोवती राहते. तिला तिथे तंदूर म्हणतात. तुम्ही दुसऱ्या खोलीत वेगळी चूल पेटवलीत तर त्या घराच्या वाट्याचे जळण फेब्रुवारीतच संपेल. त्यांच्याच खोलीत झोपा आणि आपल्या वाटणीच्या लाकडाचे पैसे सप्टेंबरमध्येच पोहोचवा, म्हणजे रस्ते मोकळे असताना त्यांना ते आणून ठेवता येईल. छतावरचा बर्फ काढायला तुम्हीही फावडे घेऊन वर जा. ती छते मातीची आणि सपाट असतात, बर्फ साचू दिला तर गळतात किंवा खचतात. शौचालय कोरडे असते. त्यात पाण्याचा थेंबही न टाकता वरून माती किंवा राख टाकायची, कारण वसंतात तेच खत शेतात जाते.

वर्कशॉप निवृत्त

ताई, सैन्यात वाहनदुरुस्तीच्या कामावर माझे चार हिवाळे लडाखमध्ये गेले. माझे स्पष्ट मत आहे की गाडी वरच्या गावापर्यंत नेऊ नये. कुंजुम खिंडीमुळे मनालीकडचा रस्ता साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत बंद असतो, म्हणजे तुम्हाला शिमला, रामपूर, नाको, ताबो या मार्गानेच जावे लागेल. तोही नाकोजवळच्या मलिंग नाल्याच्या परिसरात दरडी आणि बर्फामुळे वारंवार बंद पडतो.

तरीही नेणारच असाल तर पुण्यात भरलेले डिझेल टाकीत ठेवून वर जाऊ नका. सपाटीवरच्या डिझेलमधले मेण थंडीत गोठते आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले ते याच कारणाने. टाकी शक्य तितकी रिकामी करत जा आणि थंड प्रदेशातल्या पंपावर, चौकशी करून भरा. रेडिएटरमध्ये नुसते पाणी मुळीच नको. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे हवे. रात्री हँडब्रेक ओढू नये, तो गोठून चिकटतो. गाडी गिअरमध्ये टाकून चाकांना दगड लावावेत आणि बॅटरी काढून घरात न्यावी. टाकीखाली आग पेटवून डिझेल पातळ करताना मी माणसे पाहिली आहेत आणि त्यातून भाजलेले हातही पाहिले आहेत, म्हणून तो मार्ग कोणी सांगितला तरी अवलंबू नका. सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी तीननंतर गाडी काढू नये, कारण सावलीतल्या वळणांवरचा पारदर्शक बर्फ चालकाला दिसतच नाही. चाकांच्या साखळ्या घरी अंगणातच दहा वेळा चढवून-उतरवून पाहा. गारठलेल्या बोटांनी ते काम शिकता येत नाही.

वैद्यकी

मी डॉक्टर आहे, म्हणून एवढेच लिहिते. धुराडे नसलेली शेगडी झोपण्याच्या खोलीत कधीही नेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याची डोकेदुखी व मळमळ ही लक्षणे उंचीच्या त्रासासारखीच असल्यामुळे फसगत होते. खोलीतल्या सर्वांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर ते कमी झाले, तर ती विषबाधाच समजून सर्वांना बाहेर काढावे. जाताना कल्पा, ताबो असे मुक्काम घेत चढा आणि काझात किमान दोन रात्री राहा. प्रेशर कुकर अवश्य न्या. त्या उंचीवर पाणी सुमारे ८६ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास शिजत नाही आणि जळण वाया जाते.

सागरतीर

सर्वांचे मनापासून आभार. गाडी रामपूरला ठेवून पुढे बसने जाण्याचे आम्ही ठरवले आहे आणि लाकडाचे पैसे याच आठवड्यात पाठवत आहोत. एक शंका उरते. ध्वनिमुद्रणासाठी आम्ही सौर पॅनल आणि लिथियमची बॅटरी नेत आहोत. ती थंडीत चालेल का?

वर्कशॉप निवृत्त

पॅनल थंडीत उलट चांगले चालते. लिथियमची बॅटरी मात्र शून्याखालच्या तापमानात चार्ज केली तर कायमची बिघडते. म्हणून फक्त पॅनल बाहेर, दक्षिणेकडे तोंड करून आणि बर्फ घसरून पडेल इतके उभे लावा, लांब वायर खिडकीतून आत घ्या, आणि बॅटरी चुलीच्या खोलीत, पण चुलीपासून हातभर दूर ठेवा. पॅनलवरचा बर्फ फावड्याने खरवडू नका, मऊ झाडूने सारा.