मदत हवी आहे: टीबीच्या गोळ्यांबद्दल मेडिकलवाल्याने फोनवर सांगितलेलं ऐकावं का?

कृष्णाकाठ (मे २०२०)
बाबा कराडजवळ गावी आहेत, मी पुण्यात अडकलोय. ई-पास मिळत नाहीये. त्यांना टीबीच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांचा दवाखाना लॉकडाऊनपासून बंद, फोन उचलत नाहीत. गोळ्या संपल्या म्हणून मेडिकलवाल्याने शेजारच्या पोराबरोबर नवीन पाठवल्या. व्हिडिओ कॉलवर स्ट्रिप बघितली तर आधीच्या गोळीत चार औषधं होती, हिच्यात तीनच! फोन केला तर म्हणे, "आता तीनच असतात, घ्या बिनधास्त," आणि ठेवला फोन. गिऱ्हाईक होतं म्हणे. बाबांना सध्या थांबायला सांगितलंय. मेडिकलवाल्याला फोनवर असं सांगायचा अधिकार आहे का? तक्रार कुठे करायची? प्लीज लवकर सांगा.

रानवारा
कोणती औषधं? गोळ्या कधीपासून चालू आहेत? वजन किती? सरकारी उपचार की खाजगी? एवढं तरी लिहा हो.

अण्णा_भोर
शेळीचं दूध आणि लसूण. आमच्या चुलत्यांना कुठे होती चार-चार औषधं? नव्वदीपर्यंत जगले.

कृष्णाकाठ
खाजगी. आहेत ती रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, इथाम्ब्युटॉल. गायब आहे ते पायराझिनामाइड. अण्णा, लसूण नको प्लीज.

ठाणेकर
अजिबात ऐकू नका. २५ मार्चला टेलिमेडिसिनची, म्हणजे फोनवरून उपचार करण्याची, मार्गदर्शक तत्त्वं आली, ती फक्त नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. दुकानदाराने फोनवर औषध बदलायचं म्हणजे काय? एफडीएला, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाला, कळवा. आमच्या इथला तर एप्रिलमध्ये करोनावर चालतं म्हणून गाजलेलं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चढ्या भावाने विकत होता.

गोळीवाली_नाशिक
मी रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहे, दुकान माझंच. ठाणेकर, निदान करणं आणि औषध बदलणं हे डॉक्टरचं काम, मान्य. पण दिलेलं औषध कसं घ्यायचं, काय त्रास झाला तर थांबायचं नाही आणि कशाने लगेच पळायचं, हे सांगणं आमचं कामच आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांत तसं लिहिलेलंय. टीबीची औषधं शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावीच लागते अशा औषधांच्या यादीत येतात, रजिस्टरमध्ये पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहावंच लागतं. शेजारी मी फोन नंबरही लिहून ठेवते. लॉकडाऊन लागल्यापासून दुपारी गर्दी ओसरली की एकेकाला फोन करते आणि स्ट्रिप हातात घेऊन मोठ्याने वाचायला लावते. निम्मे घोळ तिथेच कळतात.
कृष्णाकाठ, "कधीपासून चालू आहेत" याचं उत्तर तुम्ही दिलंच नाहीत. सगळं त्यावरच आहे.

ठाणेकर
तुम्ही करत असाल ताई. बाकीच्यांचं काय? दुकानात फार्मासिस्टचं नुसतं सर्टिफिकेट टांगलेलं असतं, काउंटरवर पोऱ्या.

गोळीवाली_नाशिक
ते खरंय आणि त्याची चीड मलाही आहे.

टेम्सकाठी
इथे इंग्लंडमध्ये न्यू मेडिसिन सर्व्हिस म्हणून आहे, २०११ पासून. ठरावीक आजारांचं नवीन औषध सुरू झालं की फार्मासिस्ट एक-दोन आठवड्यांनी बोलतो, फोनवरही चालतं. टीबी मात्र त्यात नाही, त्याला वेगळी नर्स असते. भारतात असं का होत नाही?

रानवारा
कारण धागाकर्ता कराडजवळच्या गावाबद्दल विचारतोय, साहेब.

मी_सोलापूरकर
आपल्या सगळ्यांच्या दंडावर बीसीजीच्या लशीचा वण आहे म्हणून आपल्याला करोना होत नाही असं वाचलं. मग टीबीवाल्यांनाही होत नसेल ना?

रानवारा
दोन्ही चूक. बीसीजीने करोना टळतो याला पुरावा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिलमध्येच सांगितलंय. आणि टीबीवाल्यांनी तर जास्तच जपायला हवं. फुप्फुसं आधीच जेरीला आलेली असतात. बीसीजीसाठी वेगळा धागा काढा.

कृष्णाकाठ
अहो, फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झाल्यात. त्याने काय फरक पडतो? शेजाऱ्याकडून चिठ्ठीचा फोटो मागवला, त्यात वर चार औषधांची गोळी "२ महिने" आणि खाली दुसरी गोळी "४ महिने" असं काहीतरी खरडलंय.

गोळीवाली_नाशिक
मग तेच तर! पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. दोन महिन्यांनी पायराझिनामाइड बंद होतं. तुमच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठीप्रमाणेच दिलंय, फक्त दोन वाक्यं जास्त बोलला असता तर तुमची झोप उडाली नसती.
गोळ्या पुन्हा सुरू करायला सांगा, खंड पडणं वाईट. राहिलेल्या गोळ्या भरून काढायला म्हणून एकदम दुप्पट घेऊ देऊ नका. दोन महिने संपताना थुंकी तपासतात, ती झाली का? ते पाहणं आणि पुढचा टप्पा पक्का करणं डॉक्टरचं काम, मी फोनवर किंवा इथे ते करणार नाही. लघवी केशरी होते ती रिफाम्पिसिनमुळे, घाबरू नका. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टर. इथाम्ब्युटॉल पुढेही आहे, म्हणून धूसर दिसतं का, लाल-हिरवा रंग नीट कळतो का, तेही विचारा. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?

कृष्णाकाठ
शुगरच्या. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. पण त्याचा इथे काय संबंध?

गोळीवाली_नाशिक
आहे ना संबंध! रिफाम्पिसिनमुळे लिव्हर बरीच औषधं लवकर मोडून टाकतं, त्यात ग्लिमेपिराइड येतं. गोळी घेऊनही शुगर वाढू शकते. शेवटची कधी तपासली? पायाला मुंग्या येतात का? आयसोनियाझिडनेही येतात, शुगरनेही. त्यासाठी बी-६ व्हिटॅमिनची गोळी दिली आहे का, चिठ्ठीत बघा.

रानवारा
डॉक्टर भेटत नसतील तर कराडच्या उपजिल्हा रुग्णालयात फोन करून टीबीचे एसटीएस, म्हणजे वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक, कोण ते विचारा. नाहीतर निक्षय (टीबी पेशंटच्या नोंदीची सरकारी यंत्रणा) हेल्पलाइन १८०० ११ ६६६६. खाजगी पेशंटचीही नोंद निक्षयवर व्हायलाच हवी. झाली असेल तर उपचार चालू असेपर्यंत २०२० च्या दराने महिना ५०० रुपये पोषणासाठी खात्यात येतात.

ठाणेकर
ते ५०० रुपये कधी येतात विचारू नका.

कृष्णाकाठ
एसटीएस साहेबांशी बोलणं झालं. चिठ्ठीचा फोटो बघून म्हणाले, गोळ्या बरोबर आहेत, आजपासूनच घ्या. थुंकीची डबी आशाताईंबरोबर पाठवतायत. निक्षयवर नोंद आहे, पण बँक खातंच जोडलेलं नाही. शुगर जानेवारीनंतर तपासलेली नाही. बाबा म्हणतात मुंग्या "थोड्या" येतात, म्हणजे येतातच. मेडिकलवाल्याला परत फोन केला, आता नीट बोलला. घरी वापरायला ग्लुकोमीटर कुठलं घेऊ?

टेम्सकाठी
इथे आम्ही

टेम्सकाठी
सॉरी, अर्धवट गेलं. इथलं मॉडेल तिकडे मिळणार नाही, राहू दे.

मी_सोलापूरकर
कुठलंही घ्या, पण आधी त्या मेडिकलवाल्याला विचारा कुठल्या मशीनच्या पट्ट्या तो कायम ठेवतो. माझ्या सासऱ्यांचं मशीन भारी आहे, पट्ट्या पुण्याहून मागवाव्या लागतात, आणि सध्या कुरिअर बंद.