एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) पैसे आगाऊ आले, मार्चअखेर उत्पन्न किती धरायचं?

प्रश्न: एसी दुरुस्तीचा धंदा, हिशोब मर्कंटाइल पद्धतीने (पैसे कधी आले-गेले ते न बघता, उत्पन्न-खर्च ज्या काळाचा त्या काळात धरायचा). 1 जानेवारीपासून वर्षभराची एएमसी, 1,20,000 अधिक 18% जीएसटी, सगळे आगाऊ जमा. पूर्ण रक्कम याच वर्षी विक्रीत दाखवायची का?

उत्तर १: नाही हो. 31 मार्चपर्यंत सेवा तीनच महिन्यांची, म्हणून उत्पन्न 30,000. उरलेले 90,000 ताळेबंदात देण्यांकडे, ‘आगाऊ मिळालेलं उत्पन्न’ म्हणून. एप्रिलपासून दरमहा 10,000 उत्पन्नात वळवत जा. जीएसटीचे 21,600 मात्र लगेच भरायचे, तिथे तुकडे चालत नाहीत.

उत्तर २: म्हणूनच जीएसटी रिटर्न आणि नफा-तोटा पत्रकातली उलाढाल जुळत नाही. ताळमेळाचा तक्ता आत्ताच करून ठेवा. टीडीएस (ग्राहकाने पैसे देतानाच कापलेला आयकर) पूर्ण रकमेवर कापला गेला असेल तर त्याचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, उत्पन्नाच्या प्रमाणात घ्या, बाकीचं पुढच्या वर्षी.

उत्तर ३: खर्चाचंही बघा. मार्चचं वीजबिल एप्रिलमध्ये येतं; तरतूद मार्चमध्येच हवी.