शब्दचर्चा : 'वॉग'ला मराठीत काय म्हणावं? ('टोमॅटो डे'लाही)

तळओळ :
'लुकिंग फॉर अलिब्रँडी' (२०००, दिग्दर्शन केट वूड्स) या ऑस्ट्रेलियन चित्रपटाची मराठी सबटायटलं चालू आहेत. सिडनी, १७ वर्षांची जोसी, लग्न न करता तिला वाढवणारी आई, इटलीहून आलेली आजी. जोसीचं शाळेचं शेवटचं वर्ष तिकडेही 'एचएससी'चंच, त्यामुळे तिथे 'बारावी' लिहून सुटलो. अडलंय सुरुवातीलाच. गणगोत जमून वर्षभराचा टोमॅटो बाटल्यांत भरतंय आणि जोसी त्या दिवसाला वैतागून 'वॉग डे' म्हणते. 'वॉग' ही तिकडे इटालियन, ग्रीक, लेबनीज लोकांसाठीची शिवी. मी 'उपऱ्यांचा दिवस' केलं होतं, तपासणाऱ्याने 'परप्रांतीय दिन' केलंय. मर्यादा : दोन ओळी, ओळीला ४२ चिन्हं. काना-मात्रा धरून.

चहाटळ :
'परप्रांतीय दिन'ला हार घालायला कोण येणार आहे? भाषणातला शब्द आहे तो. 'घाटी' घ्या. शिवीही आहे आणि आपण आपल्यालाच हसत म्हणतो तेही आहे.

मध्यमपदलोपी :
घाटी म्हणजे घाटावरचा. सिडनीतल्या इटालियनांसाठी कुठला घाट? शिवाय गोव्यात हाच शब्द उलटून आपल्याच अंगावर येतो. 'उपरा' काय वाईट?

चहाटळ :
उपरा कोणी शिवी म्हणून फेकत नाही. १९८० पासून त्या शब्दाला लक्ष्मण मान्यांच्या आत्मकथनाचं वजन आहे. त्यात वेदना आहे, हेटाळणी नाही. आणि इथे हेटाळणी हवी.

दक्षिणायन :
शब्द निवडताना पुढचा प्रसंगही बघा. वर्गातली मुलगी हाच शब्द जोसीला डिवचायला वापरते आणि जोसी तिचं नाक फोडते. म्हणजे घरात थट्टा आणि बाहेर अपमान, दोन्हीकडे एकच शब्द चालला पाहिजे. सुरुवातीला सौम्य शब्द घेतलात तर नाक का फुटलं ते प्रेक्षकाला कळणार नाही. ऑस्ट्रेलियात या लोकांनी शब्द स्वतःकडे ओढून घेतला आहे : १९८७ चं मेलबर्नचं विनोदी नाटक 'वॉग्ज आउट ऑफ वर्क', मग २००० मध्येच आलेला 'द वॉग बॉय'. माझं मत : 'वॉग'च ठेवा, दुसऱ्या प्रसंगात अर्थ आपोआप उलगडतो.

उकार :
'वेस्टर्नाइज्ड ओरिएंटल जेंटलमन'ची आद्याक्षरं आहेत ना ती? मग 'बाटगे' बसेल.

दक्षिणायन :
ती नंतर जुळवलेली कथा. 'गॉलिवॉग' या काळ्या बाहुल्याशी नातं जोडतात, ते त्यातल्या त्यात पटण्यासारखं. आणि 'बाटगे' कृपया नको, हे कुटुंब पक्कं कॅथलिक आहे.

सांडगा :
शिवीचं तुम्ही बघा. आधी सबटायटलात 'टोमॅटो सॉस' असेल तर खोडा, लोकांना समोशाबरोबरचा गोड सॉस दिसेल. हा पसाटा. साखर नाही, व्हिनेगर नाही, साल-बिया काढलेला नुसता गर. टोमॅटो लांबुळके, रोमासारखे, कारण त्यांत गर जास्त आणि पाणी कमी. देठाकडचा कडक भाग आणि काळे डाग काढायचे, चिरले की लगेच चुलीवर. चिरून ठेवले तर टोमॅटोतलीच विकरं पेक्टिन तोडतात आणि बाटलीत पाणी वेगळं, गर वेगळा होतो. उकळून, निथळून यंत्रात. निघालेला चोथा पुन्हा फिरवायचा, दाट गर त्यातच अडकलेला असतो. १० किलोला साधारण ६ ते ७ लिटर, म्हणजे ७५० मिलीच्या आठ-नऊ बाटल्या.

मध्यमपदलोपी :
इटालियन 'पास्सारे' म्हणजे पार करणे, चाळणीतून काढणे. मग 'गाळीव रस'.

सांडगा :
रस पातळ. 'गाळीव गर' म्हणा.

चहाटळ :
गाळीव म्हटलं की मराठी माणसाला वाङ्मयाचा इतिहास आठवतो, टोमॅटो नाही.

उकार :
ते हाताने फिरवायचं यंत्र म्हणजे आपलं पुरणयंत्रच की.

सांडगा :
नाही. पुरणयंत्रात पातं गर खाली दाबतं आणि सालं वरच साचतात, मधूनमधून थांबून काढावी लागतात. त्यांच्या यंत्रात निमुळत्या जाळीत मळसूत्री दांडा असतो. गर बाजूने गळतो, साल-बिया टोकाने बाहेर पडतात, हात थांबत नाही. चरक म्हटलं तर जवळ जाईल.

मध्यमपदलोपी :
चरक उसाचा किंवा औषधाचा. टोमॅटोला चरक लावू नका. 'टोमॅटो डे'ला मात्र 'टोमॅटोची बेगमी' म्हणा. बेगमेच्या थाटाची साठवण!

उकार :
बेगमेचा संबंध नाही. फारसी बे-ग़म, निर्धास्त. वर्षाचं भरून ठेवलं की घोर नाही. शब्द मात्र चपखल, आणि ४२ मध्ये आरामात बसतो.

दक्षिणायन :
बेगमी छान. फक्त 'उन्हाळी बेगमी' करू नका, प्रेक्षक एप्रिल-मे धरेल. सिडनीत टोमॅटो जानेवारीअखेर ते मार्चमध्ये येतो आणि शाळाही तेव्हाच उघडतात, म्हणून चित्रपट तिथून सुरू होतो. इटलीत हेच काम ऑगस्टमध्ये. आणि ते पिंप दिसेल त्याला 'टाकी' लिहू नका. २०० लिटरचं लोखंडी पिंप, तळाला गोणपाट, बाटल्यांच्या थरांमध्ये चिंध्या, नाहीतर आधणात बाटल्या एकमेकींवर आपटून फुटतात. बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही, दोन बोटं जागा सोडायची, कारण गर फुगतो. वर बिल्ला ठोकायचा. पाणी बाटल्यांच्या वर, उकळी आल्यापासून ४० मिनिटं. मग विस्तव काढून रात्रभर पिंपातच निवू द्यायचं. गरम बाटली बाहेर गार फरशीवर ठेवली की तडकते.

उकार :
आणि तुळस?

सांडगा :
एक पान, तेही कोरडं. पण खरी चूक तुळशीत नाही, आंबटपणात होते. पीएच ४.६ च्या खाली हवा, नाहीतर बंद बाटलीत बोटुलिनमचं विष तयार होऊ शकतं. फार पिकलेल्या टोमॅटोत आम्ल कमी. म्हणून ७५० मिलीला दीड चमचा बाटलीबंद लिंबूरस. बाटलीबंद अशासाठी की त्याची आम्लता ठरलेली असते, ताज्या लिंबाची बदलते. बिल्ला फुगला तर बाटली न चाखता टाकायची, पण न फुगलेली सुरक्षित असेलच असंही नाही.

चहाटळ :
दीड चमचा म्हणजे कुठला? चहाचा?

सांडगा :
१५ मिलीचा. पोह्याचा चमचा.

मध्यमपदलोपी :
पोह्याचा चमचा १५ मिलीचा कुठे असतो? दहाच्या वर जात नाही. त्याला 'मोठा चमचा' म्हणा.

चहाटळ :
मोठा चमचा म्हणजे डाव. विदर्भात तर आमटीही त्यानेच वाढतील.