सल्ला हवा: अमेरिकेत फ्रॅटर्नल सोसायटीचा विमा घ्यावा का?

ओहायोची_आई: नमस्कार मंडळी. मुलगी लहान आहे म्हणून टर्म इन्शुरन्स बघतेय. एजंट फ्रॅटर्नल बेनिफिट सोसायटीची, म्हणजे सभासदांनी एकमेकांसाठी चालवलेल्या विमा संस्थेची, पॉलिसी सुचवतोय. म्हणतो, ही कंपनी नव्हे, तुम्ही सभासद म्हणजे मालकच. हप्ता इतरांएवढाच आहे. नेमका फरक काय? कोणी घेतली आहे का?

विमावाला_काका: ताई, मला या संस्थांबद्दल मनापासून आदर आहे. 1868 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिलला जॉन अपचर्च यांनी एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन नावाची अशीच संस्था काढली. सभासद वारला की बाकीच्यांनी एकेक डॉलर काढायचा आणि ते पैसे त्याच्या घरी पोचवायचे. पुढे सभासदांची वयं वाढली, मृत्यू वाढले, वर्गणी सारखी मागावी लागली आणि तरुण येईनासे झाले. मग अशा संस्थांना वयानुसार हप्ता आणि राखीव निधी यांकडे वळावं लागलं.

आजही त्यांना शेअरहोल्डर नसतात. कारभार सभासदांनी निवडलेले प्रतिनिधी बघतात. आयकरात सूट मिळते, पण त्यासाठी लॉज म्हणजे स्थानिक शाखा चालवाव्या लागतात.

पुणेरी_न्यूजर्सी: म्युच्युअल कंपनीही पॉलिसीधारकांचीच असते की!

विमावाला_काका: बरोबर, पण तिथे पॉलिसी घेतली की झालं. इथे आधी सभासद व्हावं लागतं आणि बऱ्याच ठिकाणी त्याला धर्माची किंवा समाजाची अट असते. नाइट्स ऑफ कोलंबस या अशाच संस्थेचं सभासदत्व फक्त कॅथलिक पुरुषांना मिळतं. तेव्हा तुम्ही अटीत बसता का, हे आधी विचारा.

मग कागद वाचा. राखीव निधी कमी पडला तर संस्था सभासदांकडून जादा वाटा मागू शकते. नाही भरला, तर तो पॉलिसीवर कर्ज म्हणून चढतो. एजंट हे आपणहून सांगत नाहीत. शिवाय विमा कंपनी बुडाली तर राज्याच्या गॅरंटी फंडाचा, म्हणजे अशा वेळी पॉलिसीधारकांचे पैसे भागवणाऱ्या निधीचा, आधार असतो, या संस्थांना सहसा तो नसतो. आपल्याकडे सहकारी बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही, तसंच.

ओहायोची_आई: बापरे, जादा वाट्याचं माहीतच नव्हतं. मग घेऊ की नको?

विमावाला_काका: शाखेत जाणार असाल, त्यांची शिष्यवृत्ती, सेवाकार्य आवडत असेल, तर आर्थिक रेटिंग बघून जरूर घ्या. नुसता टर्म हवा असेल आणि हप्ता सारखाच असेल, तर मी तुम्हाला साध्या कंपनीचाच घ्यायला सांगेन.