सोलापुरातील आई-वडिलांसाठी टॅब घ्यावा की संगणक?

लेक_पुण्याची
नमस्कार. माझे आई-वडील सोलापुरात होटगी रस्त्याला राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. बाबा ७४ वर्षांचे असून रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले आहेत. आई ६९ वर्षांची आहे आणि तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. दोघांकडे अँड्रॉइड फोन आहेत. परंतु व्हिडिओ कॉलवर नातवाचा चेहरा आईला नीट दिसत नाही, आणि बाबा बँकेचे विवरण वाचताना अक्षर मोठे करतात तेव्हा ओळ पडद्याबाहेर जाते. गेल्या दिवाळीत मी हौसेने त्यांच्यासाठी लॅपटॉप नेला होता. तो आता पिशवीसकट कपाटात आहे आणि त्याच्यावर आईने स्वतः विणलेला रुमाल घातला आहे, यावरून काय ते समजावे. या वेळी २५ हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. टॅब घ्यावा का, तो किती इंची असावा आणि सिमकार्डाची सोय असलेला हवा का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

जुळे_सोलापूरकर
दहा-अकरा इंची अँड्रॉइड टॅब घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले आई-वडील फोनवर जे आधीच जाणतात तेच त्यांना तिथे मोठ्या आकारात मिळेल. मागे कसे जायचे, फोटो कसा उघडायचा, हे पुन्हा शिकावे लागणार नाही. आयपॅड उत्तम यंत्र आहे, पण मार्च २०२५ मध्ये आलेल्या साध्या आयपॅडची किंमतच ३४,९०० रुपयांपासून सुरू झाली, आणि रीत नवी शिकावी लागेल ती वेगळीच.

मेमरी किमान ६ जीबी आणि साठवण १२८ जीबी असावी. आमच्या घरचा कमी मेमरीचा टॅब वर्षभरातच अडखळू लागला. यंत्र अडखळले की आपण यंत्राला नावे ठेवतो. वडीलधारी माणसे मात्र ‘माझ्याकडूनच काहीतरी दाबले गेले’ असे समजून ते गुपचूप बाजूला ठेवतात, आणि आपल्याला ते कळतही नाही. सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार, हे दुकानदाराला आवर्जून विचारावे.

सिमकार्डाचा टॅब थोडा महाग पडतो, पण वीज गेली की वायफायचा राउटरही बंद पडतो, म्हणून मी तोच घेतला. पैशांचे व्यवहार मात्र टॅबवर नेऊ नयेत. यूपीआयसाठी बँकेत नोंदवलेले सिम त्याच यंत्रात असावे लागते आणि ते फोनमध्ये आहे, तिथेच राहू द्यावे. व्हॉट्सॲप टॅबवर जोडलेले उपकरण म्हणून चालते. मात्र मूळ फोनवर ते सलग १४ दिवस उघडले नाही, तर टॅबवरून आपोआप बाहेर पडते. आमच्या आईचे एकदा असेच झाले आणि तिला वाटले की कोणीतरी तिचे खाते चोरले.

एक गोष्ट सोलापूरची म्हणून सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीच्या उन्हात चार्जिंगला लावलेल्या टॅबची बॅटरी लवकर खराब होते. चार्जिंगची जागा आतल्या खोलीत ठरवून द्यावी.

जुना_टंकलेखक
वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. आईंसाठी टॅब योग्य आहे, यात शंका नाही. पण ज्या माणसाने लेखा विभागात उभी हयात काढली, त्याला काचेवर बोट सरकवून आकडेमोड करायला सांगणे म्हणजे सुताराच्या हातून रंधा काढून घेण्यासारखे आहे. माझीही नोकरी टंकलेखनात गेली आणि आज ७० व्या वर्षी मला टॅबवर दोन ओळी लिहिणे जड जाते, कळफलकावर मात्र पानभर मजकूर सहज होतो.

लॅपटॉप कपाटात का गेला, हे आपण बाबांना विचारले आहे का? पुष्कळदा अडचण यंत्राची नसते; पडदा लहान, कळा सपाट आणि बोटांनी चालवायची ती पट्टी लहरी, एवढेच कारण असते. त्याला चांगल्या उठावदार कळांचा वेगळा कळफलक आणि साधा माऊस जोडावा, घरात टीव्ही असेल तर एचडीएमआय तारेने पडदा मोठा करावा, आणि तो टेबलावर कायमचा मांडून ठेवावा. काढून-मांडून वापरायची वस्तू आमच्या वयात वापरली जात नाही. मराठीसाठी विंडोजमध्येच उच्चारानुसार टंकलेखनाची सोय आहे, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. फक्त त्यावर विंडोज १० असेल, तर तिचा आधार, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे हे लक्षात घेऊन विंडोज ११ चालते का ते तपासावे.

पूर्वभागातली_आजी
सगळे मुलांच्या बाजूने लिहीत आहेत, म्हणून वापरणाऱ्या बाईची बाजू मांडते. माझे वय ७१ आहे; घरी आम्ही तेलुगू बोलतो, शिक्षण मराठीत झाले, आणि निम्मे आयुष्य विड्या वळण्यात गेले. बोटांची कातडी इतकी कोरडी आणि घट्ट झाली आहे की काचेला माझा स्पर्श कळतच नाही. म्हणून मी जोराने दाबत असे, दाबून धरले की भलतेच काही उघडत असे, आणि घरचे म्हणत, ‘अम्मा, हळू!’ शेवटी नातीने सुलभतेच्या सेटिंगमध्ये जाऊन दाबून धरण्याचा अवधी वाढवला, तेव्हा तो त्रास संपला. हे एक काम टॅब घेतल्याच्या दिवशीच करावे. टंकलेखन तर मी करतच नाही. कळफलकावरील माइकच्या चिन्हाला स्पर्श करून मराठीत बोलते, तेलुगूतही बोलते, आणि दोन्ही भाषांत अक्षरे उमटतात.

माझ्या अंगठ्याचा ठसाही पुसट झाला आहे, त्यामुळे पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी पूर्वी फार हेलपाटे पडत. नोव्हेंबर २०२१ पासून ‘जीवन प्रमाण’ या सरकारच्या डिजिटल दाखल्याच्या सेवेत चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली आणि आता ते काम घरातच होते. आपल्या बाबांना तो दाखला दर नोव्हेंबरमध्ये लागत असेल, तेव्हा त्याआधी एकदा त्यांच्यासोबत बसावे.

आता विनंती. दिवाळीला किंवा गड्ड्याच्या यात्रेला घरी आलेली मुले टॅब हातात घेतात, ‘किती पसारा केला आहेस’ म्हणतात आणि चिन्हे स्वच्छ लावून निघून जातात. दुसऱ्या दिवशी मला माझे भजन सापडत नाही. आम्ही नावे वाचून नव्हे, तर जागा लक्षात ठेवून चालतो. ती जागा हलवू नये. काही अडलेच, तर व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये पडदा दाखवण्याची सोय आहे. तिच्यातून पाहावे आणि बोट आम्हालाच ठेवू द्यावे. मात्र ती सोय घरच्याच माणसापुरती आहे, हेही आईला बजावून सांगावे. अनोळखी माणूस फोन करून पडदा दाखवायला किंवा एखादे ॲप घ्यायला सांगू लागला, तर फोन ठेवून द्यावा; आणि पैसे गेलेच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. मी तो क्रमांक टॅबच्या पाठीवर चिकटवला आहे.

लेक_पुण्याची
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल बाबांना लॅपटॉपविषयी विचारले. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले की माऊस असता तर मी तो कधीच सुरू केला असता. मला लाजच वाटली. माऊस आणि कळफलक मागवले आहेत. आईसाठी अकरा इंची, सिमकार्डाचा टॅब घेते आहे. पण तो पुण्यातून न पाठवता पुढच्या रविवारी तिला नवी पेठेतील दुकानात नेऊन, तिच्या हातात देऊन, मगच घेईन. आजी, दाबून धरण्याचा अवधी त्याच दुकानात बसून वाढवीन. अर्धा किलोचा टॅब तिला हातात धरवणार नाही, तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर घसरणार नाही असा जड बुडाचा स्टँड सोलापुरात कोणी वापरला असेल, तर कृपया कळवावे.