हिवाळी वाचनकट्टा : तीन रकाने नकोत, तीन पुस्तके हवीत

सप्रेम नमस्कार,

आपल्या मराठी मंडळाच्या समितीने हिवाळी वाचनासाठी केलेली यादी काळजीपूर्वक वाचली. रहस्यकथा, इतिहास आणि गुन्हेगारी सत्यकथा असे तीन रकाने पाडून प्रत्येकात चार-चार पुस्तके बसवण्यापेक्षा, एकमेकांत गुंतलेली तीनच पुस्तके लागोपाठ वाचावीत, असे मला सुचवावेसे वाटते.

पहिले पुस्तक केट समरस्केल यांची 'द सस्पिशन्स ऑफ मिस्टर विचर' (2008) ही सत्यकथा. जून 1860 च्या अखेरीस विल्टशरमधल्या रोड नावाच्या गावी एका सुखवस्तू घरातले, चार वर्षांचेही न झालेले मूल रात्रीतून नाहीसे झाले आणि सकाळी त्याचा मृतदेह आवारातल्या शौचकूपात सापडला. स्थानिक पोलिसांना काही उमगेना, म्हणून दोन आठवड्यांनी लंडनहून जॅक विचर याला धाडण्यात आले. 1842 साली स्कॉटलंड यार्डात गुप्त पोलिसांची जी आठ जणांची पहिली तुकडी उभी राहिली, तिच्यातला हा माणूस. धुण्याच्या कपड्यांच्या मोजदादीत रात्री घालायचा एक झगा कमी भरतो, एवढ्या धाग्यावरून त्याने मुलाची सोळा वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स केंट हिला अटक केली. पुरावा अपुरा ठरला, ती सुटली आणि घरंदाज मुलीवर आळ घेणारा उपटसुंभ म्हणून वर्तमानपत्रांनी विचरलाच झोडपले. 1865 मध्ये तिने आपण होऊन कबुली दिली, तोवर त्याची उमेद संपलेली होती.

तो हरवलेला झगा तीनच वर्षांनी कादंबरीत सापडतो. विल्की कॉलिन्स यांची 'द मूनस्टोन' 1868 मध्ये डिकन्स यांच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातही घरातल्याच कोणावर तरी संशय आहे, रंगाचा डाग पडलेला झगा आहे आणि विचरवरून बेतलेला सार्जंट कफ आहे. गंमत अशी, की खरा विचर बरोबर असून बदनाम झाला, तर कादंबरीतला कफ घरातल्या मुलीबद्दल चुकला तरी वाचकांचा लाडका राहिला. खून काढून टाकून त्या जागी हिरा ठेवला, की तीच गोष्ट दिवाणखान्यात बसून चवीने वाचता येते, हे कॉलिन्स यांनी नेमके ओळखले होते. हा हिरा मूळचा सोमनाथाचा आणि 1799 मध्ये टिपू सुलतानाची राजधानी श्रीरंगपट्टण पडली त्या लुटीत तो एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती लागला, असे कथानक आहे. हिरा काल्पनिक असला तरी लूट खरी होती. त्या लुटीतला टिपूचा लाकडी वाघ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आपल्यापैकी अनेकांनी मुलांना दाखवलेला आहे.

आपला,
ग्रंथालयाचा एक जुना सभासद

---

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र आवडले. तथापि दोन शंका आहेत. एका लहान मुलाच्या हत्येवर शेकोटीपाशी बसून चर्चा करणे मला जड जाते. पुण्यात लागोपाठ खून करणाऱ्या जक्कल-सुतार टोळीच्या काळात मी तेथेच होते. संध्याकाळी सातनंतर दारे बंद होत असत. त्या प्रकरणातील मुनव्वर शहाने तुरुंगात लिहिलेले 'यस, आय अ‍ॅम गिल्टी' पुढे घरोघर वाचले गेले, पण मी ते आजवर उघडलेले नाही. शिवाय आपण तीन पुस्तके म्हणता आणि सांगता दोनच, तीही इंग्रजी. मराठी मंडळाच्या वाचनकट्ट्यावर मराठीला जागा कोठे आहे?

आपली,
वाचनकट्ट्याची एक सभासद

---

ताई, सप्रेम नमस्कार.

आपला पहिला आक्षेप मला मान्य आहे आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. एवढेच म्हणतो, की समरस्केल यांनी रक्तपाताचे भांडवल केलेले नाही. नोकरांच्या खोल्या, बंद दारे, चाव्या आणि धुण्याच्या याद्या यांत पुस्तक अनेकदा रेंगाळते. काहींना ते कंटाळवाणे वाटेल. ज्यांना तो भाग नको असेल त्यांनी थेट कादंबरीपासून सुरुवात करावी.

तिसरे पुस्तक सांगायचे राहून गेले, ही चूक माझीच. ते वासुदेवशास्त्री खरे यांच्या 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'तले टिपूवरील मोहिमेचे खंड. 'मूनस्टोन'मधली लूट 1799 ची. परंतु त्याआधी सात वर्षे, 1792 मध्ये, इंग्रज आणि निजाम यांच्याबरोबर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन हे मराठी सरदारही त्याच श्रीरंगपट्टणापुढे तळ देऊन होते. खरेशास्त्र्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे छापली, म्हणून त्या मोहिमेतला आपल्या माणसांचा आवाज आज ऐकू येतो. त्याच मोहिमेत, 1791 साली, मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा शंकराचार्यांचा मठ लुटला, आणि मठाच्या पुनर्स्थापनेसाठी मदत धाडली ती टिपूने. सोमनाथाचा हिरा पळवणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यावर आपण एकमताने राग काढू. शृंगेरीच्या पानाशी कट्ट्यावर काय बोलले जाते, हे मला ऐकायचे आहे.

भाषा जुन्या वळणाची असल्यामुळे सगळे खंड वाचण्याचा आग्रह नाही. निवडक दहा-बारा पत्रांच्या प्रती काढून कठीण शब्दांच्या अर्थांसह मी पुढच्या आठवड्यात ग्रंथालयात ठेवतो.

आपला,
ग्रंथालयाचा एक जुना सभासद