अहवालाच्या फाईलमध्ये मराठीऐवजी कचरा दिसतोय, टीटीएफचं ओटीएफ करू का?

लालबागकर
अर्जंट मदत हवीये. चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा अहवाल दरवर्षी मीच लावतो, जुना पीसी बंद पडला आणि नवीन लॅपटॉपवर गेल्या वर्षीची वर्डची फाईल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं न् चिन्हं. वर्गणीदारांची चारशे नावं आहेत त्यात, परत टाईप कोण करणार? फॉन्टच्या फोल्डरमध्ये टीटीएफ नावाच्या फॉन्ट-फाईली आहेत, काही पीएफबी-पीएफएम पण आहेत. एकजण म्हणाला टीटीएफचं ओटीएफ, म्हणजे फॉन्ट-फाईलचा दुसरा प्रकार, करून घे. होईल का त्याने?

डीटीपी_परळ
नाही होणार दादा. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपल्या अक्षरांचे तुकडे बसवलेत, काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा स वेगळा, त्यामुळे कॉम्प्युटरच्या लेखी तुमच्या फाईलमध्ये मराठी नाहीच आणि फॉन्ट गेला की मूळची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. आधी तोच टीटीएफ इन्स्टॉल करा, सगळं जसंच्या तसं दिसेल. मग एकदाचं युनिकोडमध्ये आणा, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड मिळतो. पण प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या जागी बसवलेत, तेव्हा फॉन्टचं नाव बघून त्याचाच कन्व्हर्टर घ्या, दुसरा लावलात तर आणखी घोळ.

अक्षरवेडी
पीएफबी-पीएफएम म्हणजे टाईप १ हा फॉन्टचा जुना प्रकार, पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेच्या जमान्यातला, दोन्ही फाईल जोडीने लागतात. अॅडोबीने 2023 च्या जानेवारीत त्यांचा सपोर्ट बंद केला, त्यांच्या मागे लागू नका. टीटीएफ-ओटीएफ दोन्ही विंडोज आणि मॅकवर चालतात, तिथे अडत नाही.

लालबागकर
टीटीएफ टाकला आणि नावं दिसली!! खूप आभार दोघांचे. आता कन्व्हर्ट करतोय.

डीटीपी_परळ
कन्व्हर्ट झाल्यावर पहिली वेलांटी आणि रफार नजरेखालून घालाच. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची, युनिकोडमध्ये नंतर येते, तिथेच चुकतं. आणि गोऱ्हे, कुऱ्हाडे अशी आडनावं एकेक करून बघा, त्यातल्या ऱ्हचा रफार होऊन बसतो. वर्गणी देणाऱ्याचं नाव चुकीचं छापलं तर वाईट वाटतं हो माणसाला.

अक्षरवेडी
फॉन्ट मुक्ता घ्या, आपल्या मुंबईच्या ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा आहे, फुकट आहे. अहवालाची पानं इनडिझाईन या सॉफ्टवेअरमध्ये लावणार असाल तर त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग चालू करा नाहीतर जोडाक्षरं तुटतात. प्रेसला पीडीएफच द्या, फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाईलच्या आतच घालून.

लालबागकर
गोऱ्हे काकांचं खरंच गोर्हे झालं होतं. अजून सात नावं सापडलीत, बसलोय दुरुस्त करत.